साडूचं खेळणं आणि माझी पाटी

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. इतवारा बाजारात माझं पेटी-सतार दुरुस्तीचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण माझा साडू चाळीस वर्षं तेच सगळ्यांना सांगत आलाय. तो रिटायर मास्तर. गाव त्याला मास्साब म्हणतं. मीही म्हणतो, दात आवळून.

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्याने पिशवीतून चार खुंट्यांचं, हातभर लांबीचं काहीतरी काढलं. त्याच्या वडिलांच्या जुन्या ट्रंकेत सापडलेलं. पाठ उललेली, तारा गायब.

"मिस्त्री, पोरांचं गिटार आहे. रंग मारून द्या, शोकेसमध्ये ठेवतो."

मी उजेडात धरलं. खुंट्या लाकडाच्या, जोडाला जुन्या सरसाचा वास.

"खेळणं नाही हे, मास्साब. वाद्य आहे. माझ्या जन्माआधीचं."

"चौथीच्या पुस्तकात होतं वाटतं?"

पंगत हसली. माझं डोकं फिरलं. "येत्या रविवारी वाजवून नाही दाखवलं, तर दुकानाची पाटी उतरवीन!"

दुकानावर आल्यावर टॉर्च मारला तर आत डागलेला शिक्का. इंग्रजी मला येत नाही. अक्षरं चित्रासारखी कागदावर उतरवली आणि समोरच्या मेडिकलवाल्याकडे नेली.

"युकुलेले," तो म्हणाला. मोबाइलवर फोटो दाखवले. हुबेहूब तेच. "पण बाबा, याला तारा नायलॉनच्या लागतात."

"तू गोळ्या विक," मी म्हणालो. माझ्या दुकानात तार म्हणजे पोलादाची.

पाठ सरसाने जोडली, आतून कापडाची पट्टी दिली. खुंट्या घसरत होत्या, त्यांना खडू लावला. जुन्या पॉलिशला हात लावला नाही. ते खरवडणाऱ्याला मी मिस्त्री मानत नाही. तारा जिथे अडकवतात त्या घोडीला मागून चार चिरा होत्या. त्यांत पोलादी तार अडकेना, म्हणून मी भोकं पाडली.

रविवारी साडू आला, बायकोला घेऊन. मी एकेक तार पिळून छेडत गेलो. तिसऱ्या तारेपर्यंत असा गोड स्वर निघाला की माझी मेहुणी चहा प्यायची थांबली. चौथी पिळली आणि घोडी फाडकन उखडली, तबलीचं, म्हणजे वरच्या फळीचं, सालपट घेऊन.

साडू हसेल म्हणून मी तयारच होतो. तो हसला नाही.

"जाऊ द्या, मिस्त्री. लाकूडच सडलेलं असेल. तुमचंही वय झालं. पाटी राहू द्या."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मऊ बोलला, आणि तेच मला झोंबलं.

"लाकूड ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तार मी चुकीची घातली, पोलादाचा ताण घोडीला झेपला नाही. त्या चिरा गाठ अडकवायला होत्या. पोलादाला गाठ बसत नाही, एवढं मला कळायला पाहिजे होतं. दया नको तुमची."

"मग द्या इकडे, नेतो मी."

"आता नाही मिळायचं. गायल्यावर या."

"कोण गायल्यावर?"

"हे. आणि तेव्हा खेळणं म्हणून दाखवा."

तो चप्पल घालून निघाला. मेहुणीने जाता जाता घोडीचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी पाटी उतरवली. मेडिकलवाला बघत होता. येऊन शिडी धरली, शहाणा आहे. पाटी सागाची, सपाट. उलटी करून ओट्यावर ठेवली, तिच्यावर युकुलेले उताणं टेकवलं, घोडीला सरस लावून शिकंजा कसला. मग तापी नदीवर मासे धरणाऱ्या भोयाकडे गेलो, जाळ्याचा नायलॉन दोरा मागायला.