ओट्यावरची आत्या

डिसेंबर १९६२ मधला पहिला रविवार. मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या आमच्या घरी प्राणवायूचा लहान, हातात उचलून नेता येईल असा सिलिंडर आला. अनामत साठ रुपये. हजर मी, माझी पत्नी मालती आणि जिच्यासाठी तो आणला ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या.

"साठ रुपये? हवेला?" आत्या म्हणाली.

"हवेला नाही, सिलिंडरला. काम संपलं की परत मिळतात."

"काम म्हणजे मीच की," ती म्हणाली आणि तिने मास्क लावून घेतला.

डॉक्टरांची अट एकच होती: सिलिंडरच्या जवळपास ज्योत नको. आत्या मधल्या खोलीत देवापुढे झोपत असे. तिथला नंदादीप तंजावर सोडून मद्रासला आल्यापासून तिने एकदाही विझू दिला नव्हता. मी दिवा उचलायला वाकलो.

"त्याला हात लावू नकोस. मी हलते," ती म्हणाली आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली.

तिच्या दृष्टीने हे सोपं नव्हतं. ती फार लवकर विधवा झालेली. सकाळी कुणी कामाला निघालं की ती दाराआड होई. आपलं तोंड दिसून कुणाचं काम अडायला नको. आता सगळ्या गल्लीसमोर बसायचं होतं. सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करून बसली. समोर राहणारे वरदन बंदरात कारकून होते. एका सकाळी त्यांनी तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारली, "पाट्टी, भिंतीला काय गोष्टी सांगताय? मी निघालोय, इकडे बघा!"

आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग वळली आणि म्हणाली, "नीट जा." त्यानंतर वरदन रोज तिला सांगूनच निघत.

सिलिंडर संपला की दुकानाचा माणूस भरलेला आणून देई, तरी हवा वाया गेलेली तिला खपत नसे. बोलायचं तर आधी किल्लीने सिलिंडर बंद, मग मास्क खाली, मग शब्द. त्यामुळे तिची वाक्यं आखूड झाली. किल्ली पदराला गाठ मारून ठेवलेली. "तुमच्या हाती दिली तर मोकाट सोडाल," असं म्हणे.

संध्याकाळी मात्र ती सिलिंडर बाहेरच ठेवून आत जाई, दिव्यात तेल घाली, वात सारखी करी आणि निळ्या ओठांनी परत येई. मालती म्हणे, "मी घालते ना, आत्या." उत्तर ठरलेलं: "घालशील. मी असेपर्यंत नको."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती तेल घालायला गेली आणि देवापुढेच बसली. उठेना. मी सिलिंडर घेऊन धावलो. तिने बसल्या जागेवरून हात दाखवून मला उंबऱ्यापाशीच अडवलं.

"तिकडेच थांब. ज्योत आहे."

मालतीने दिवा शांत करायला हात नेला. आत्याने तिचं मनगट धरलं. शेवटी आम्ही दोघांनी तिला उचलून ओट्यावर आणलं, मास्क लावला. किल्ली पदरात होती. गाठ घट्ट होती. मी ती सोडवेपर्यंत आत्या गेली होती.

तेराव्यानंतर दुकानाचा माणूस सिलिंडर न्यायला आला. त्याने तो हलवून पाहिला, वरचा दाबाचा काटा पाहिला. "अजून बरीच हवा आहे," म्हणाला. अनामत पूर्ण परत मिळाली. त्याच दिवशी ते साठ रुपये मी कोपऱ्यावरच्या तेलवाल्या चेट्टियारांना दिले. दिव्याच्या तेलापोटी, आगाऊ.