काळू आश्रुबा सांगळे, हाजिर हो

सोमवारी दुपारी आरोपीने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याला पन्नास रुपये दंड झाला. दंड भरून तो मोटारसायकलवर बसला आणि गेला. त्याच मोटारसायकलला बांधून त्याने काळू नावाच्या कुत्र्याला फरफटत नेलं होतं. काळू तिसऱ्या दिवशी मेला.

तक्रार माझे शेजारी विठ्ठलनाना यांनी केली होती. त्याच कोर्टात ते शिपाई होते. दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम.

आमच्या पाथर्डीकडे दिवाळीच्या आसपास घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. ट्रकमध्ये संसार चढतो, कोंबड्या चढतात. जागा संपली की कुत्रं मागे राहतं. अशी कुत्री नाना सांभाळत. मालकाच्या नावासकट त्यांना कोर्टातल्यासारखं पूर्ण नाव देत आणि संध्याकाळी भाकरी कुस्करून ओसरीवरून पुकारा करत, "काळू आश्रुबा सांगळे, हाऽजिर होऽ!" काळू नाव घेतल्याशिवाय हलत नसे. उशीर झाला की नाना डाफरत, "तारीख पायजे का तुला? ये मुकाट!"

त्या सोमवारी आरोपीचं नाव पुकारल्यावर नाना थांबले नाहीत. त्याच सुरात त्यांनी काळूचंही नाव पुकारलं. कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नानांना बोलावून एवढंच सांगितलं, "नाना, या कलमात पहिल्या गुन्ह्याला याहून जास्त नाही हो."

मी वाचनालयात काम करते. दुसऱ्या दिवशी नाना तिथे आले. "बाई, ह्यो कायदा मला वाचून दाखवा." मी वाचला. दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कायदा कधीचा, त्यांनी विचारलं. साठ सालचा, मी म्हणाले.

"म्हंजी माज्याच वयाचा. मला पुढच्या म्हैन्यात नारळ देनार हायेत. त्याला कुनी देईना व्हय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला सांगळे कुटुंब परतलं. आश्रुबाची बायको गयाबाई पिशवीत गुळाचा खडा घेऊन ओसरीपाशी आली. "नाना, आमचा काळू?" नानांनी सगळं सांगितलं. ती खाली बसली. तिने विचारलं, "मंग त्याला शिक्षा किती झाली?"

मी दारात उभी होते. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "केस चालू हाय."

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, पन्नास तोंडातून भाईर पडंना. आता खोटं बोललोय, तर ते खरं करावं लागंल. लिव्हा."

तेव्हापासून या कायद्यातला दंड वाढवा म्हणून मी लिहीत गेले. खासदारांना, मंत्रालयाला, दिल्लीला. दुरुस्तीचा मसुदा तयार असल्याची बातमी एकदा पेपरात आली. नानांनी ते कात्रण खिशात इतके दिवस बाळगलं की घडीवरची अक्षरं पुसली गेली. दर उन्हाळ्यात गयाबाई विचारायची, "नाना, केसचं काय झालं?" ते म्हणायचे, "चालू हाय, गयाबाई." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नवा अर्ज सांगायला यायचे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी अर्जदार म्हणून आधी काळूचं पूर्ण नाव घालायचा त्यांचा आग्रह असे. मी ते खोडायचे. एकदा तरी तसं जाऊ द्यायला हवं होतं.

यंदाच्या पौषात नाना गेले. गाव ऊसतोडीला गेलेलं. खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली. त्या संध्याकाळी सात कुत्री ओसरीसमोर बसली होती. मी भाकरी कुस्करून ठेवली. एकही उठलं नाही. त्यांची नावं मला ठाऊक होती. पण पुकारा माझ्याकडून झाला नाही.

गयाबाई परतली तेव्हा ओसरीकडे बघून रडली. मग पदराने डोळे पुसून मला म्हणाली, "बाई, आता केस कोन बघनार?"

"चालू आहे," मी म्हणाले.

अर्जांच्या प्रती वाचनालयाच्या खणात आहेत. कुत्री संध्याकाळी येतात. दंड पन्नास रुपये आहे.