आधी आवाज, मग गोळी

ती घटना मला आठवावी लागत नाही. विसरायला गेलो की छळते. पोलिसाच्या आठवणी म्हटलं की लोकांना पकडलेले चोर ऐकायचे असतात, आणि मंडळाच्या गणपतीत मीही आजवर तेच सांगत आलो. ही केस मात्र कुठे सांगितली नाही. आता सांगतो, कुणाचंही नाव न घेता.

मी एडमंटनला पोलीस खात्यात होतो, शेवटची वर्षं गंभीर गुन्ह्यांच्या पथकात. शहराच्या कडेला, जिथे काही वर्षांपूर्वी कनोलाची शेतं होती, तिथल्या नव्या वस्तीतून एका रविवारी दुपारी फोन आला. लांबलेल्या थंडीनंतरचा तो पहिला कडक उन्हाचा दिवस होता. मागच्या अंगणात एक मराठी बाई पडल्या होत्या. साठीच्या, विधवा, वस्तीतले सगळे त्यांना काकू म्हणत. इथे कपडे ड्रायरमध्ये वाळतात, पण ऊन दिसलं की काकू कुंपणाशी दोरी बांधायच्या. कपडे वाळत घालतानाच त्यांच्या मानेच्या मुळाशी गोळी लागली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

घरात दुसरा माणूस एकच. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा विद्यार्थी, जळगावकडचा, चोविशी-पंचविशीचा. ९११ ला फोन त्यानं केला. दोरीवरचा टॉवेल ओढून जखम त्यानंच दाबून धरली.

गोळी घराच्या बाजूनं आली होती आणि वरून खाली तिरकी गेली होती. वरच्या मजल्याची खिडकी सताड उघडी. खिडकीत चहाचा मग. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळी काढली आणि ती रायफलची नसून रिव्हॉल्व्हरची आहे हे कळलं. माझ्या डोक्यात केस तिथेच संपली.

का संपली ते सांगतो, कारण ही चूक पोलीसच करू शकतो. आम्ही पिस्तुलाचा सराव करतो तो दिवाणखान्याएवढ्या अंतरावर, फार तर पंचवीस मीटर. अख्खी नोकरी तेच. त्यामुळे पिस्तुलाची गोळी कागदाला भोक पाडते आणि तिथे संपते, असं आमच्या हाडात बसलेलं असतं. ती संपते कागदामागच्या मातीच्या बांधामुळे. बांध नसला तर ती कुठे जाईल, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही.

त्यात खबर आली. माझ्या खाजगी मोबाइलवर, मंडळातल्या एका ताईंकडून.

"तुम्हाला म्हणून सांगते हं, माझं नाव कुठे नको. त्या मुलाचं आणि काकूंचं परवाच जोरात वाजलं. स्मोक अलार्मवरून. हा फोडणी करतो आणि पंखा लावत नाही. अलार्म बोंबलला की काकू बोंबलणार. तर तो म्हणाला म्हणे, आता या घरात एक तर हा अलार्म राहील नाही तर तुम्ही!"

इथल्या कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात ऐकू येईल असं वाक्य. मी ते धमकी म्हणून टिपून घेतलं.

मुलाला ठाण्यावर आणलं. हातावर बारूद मिळालं नाही, पण ते असणार कसं? रक्तानं भरलेले हात ॲम्ब्युलन्सवाल्यांनीच त्याला धुवायला लावले होते. हत्यार मिळालं नाही, तर आम्ही म्हणालो, मागच्या ओढ्यात टाकलं असेल. ओढ्यात मिळालं नाही, तर मित्राकडे दिलं असेल. सार्जंट मला म्हणाला, तुझ्या भाषेत बोल त्याच्याशी, घरचा वाटशील.

मी घरचा झालो. हक्क इंग्रजीत वाचून दाखवले आणि मराठीत आलो. गावाकडे कोण असतं, आईची तब्येत कशी, जेवलास का. तो साहेब, साहेब करत होता. मी म्हणालो, "साहेब कशाला, दादा म्हण." त्या एका शब्दासरशी त्याचे खांदे सैल पडले. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

"दादा, वकील बोलवू का?" त्यानं विचारलं.

"बोलव की, तुझा हक्कच आहे," मी म्हणालो. "पण ज्याच्या पोटात काही नाही तो वकील कशाला बोलवेल, असं हे गोरे म्हणतात बघ."

कॅमेरा चालू होता. काचेमागे सार्जंट मान डोलवत होता. त्याला अक्षर कळत नव्हतं. मुलानं वकील बोलावला नाही.

त्यानं सांगितलेलं असं. तो खिडकीत चहा पीत उभा होता. काकू खालून म्हणाल्या, तुझेही कपडे टाक रे, ऊन आहे. मग कुठून तरी लांबून आवाज आला, कुणी पिकअपचं दार आपटावं तसा. त्यानं चहाचा घोट घेतला. म्हणाला, काकू, एक जीन्सच आहे, राहू दे. आणि काकू खाली बसल्या.

"आवाज आधी आला?"

"हो."

"मग तू चहा प्यायलास, जीन्सबद्दल बोललास, आणि मग त्यांना गोळी लागली?"

"हो दादा."

मी टेबलावर हात आपटला. "गोळी आवाजाच्या पुढे असते. शेंबड्या पोराला कळतं हे. जी गोळी लागते तिचा आवाज ऐकू येत नाही!"

"मला गोळीचं काही माहीत नाही," तो म्हणाला. "ऐकलं ते सांगितलं."

कितीतरी वेळ मी त्याला त्याच जागी फिरवत ठेवलं. आवाज आधी की नंतर? आधी. नक्की? नक्की. आता नोकरीतली एक गोष्ट सांगतो. खोटं बोलणाऱ्याला त्याचं खोटं कुठे फाटलंय ते दाखवलं, की तो लगेच ठिगळ लावतो. 'नंतर आला असेल हो, मी घाबरलो होतो,' म्हणतो. ज्याला ठिगळ लावणं सुचत नाही, तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी समोर तसा माणूस बसला होता आणि मला तो निर्लज्ज वाटला.

जबाबाचा इंग्रजी गोषवारा मीच तयार केला, मराठी येणारा दुसरा कोण होता? त्यात लिहिलं, 'आवाज ऐकला आणि बाई पडल्या.' चहाचा घोट गाळला. असला पाचकळपणा सरकारी कागदात कशाला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं हे की तो घोट माझ्या केसमध्ये बसत नव्हता.

खुनाचा आरोप लागला. परदेशी विद्यार्थी, पळून जाईल, म्हणून जामीन नाही. कॉलेज गेलं, आणि आरोप टिकला असता तर सगळंच गेलं असतं. काकूंची मुलगी मिसिसागाहून आली, तिला मी छाती पुढे काढून सांगितलं, सापडलाय. मुलानं तुरुंगातून एकच मागितलं होतं, काकूंच्या अंत्यविधीला पाच मिनिटं येऊ द्या. मी ते तिच्या कानावरही घातलं नाही.

पुढे दुसऱ्याच केसच्या कामाला मी फॉरेन्सिक लॅबमध्ये गेलो होतो. गोळ्यांची तपासणी करणाऱ्या बाई तिथे होत्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला थांबवलं. ती गोळी त्यांना खटकत होती. खिडकीतून मारलेली मॅग्नमची, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाची, गोळी माणसाच्या आरपार जाते. ही थोडंसं आत जाऊन थांबली होती. शिवाय टोकानं न शिरता आडवी शिरली होती. एवढ्या जवळून मारलेली गोळी इतकी दमलेली कशी? मी म्हणालो, जुनं काडतूस असेल. त्यांनी विचारलं, कुणी काही ऐकलं होतं का?

मी हसलो. पोराची थाप विनोद म्हणून सांगितली. आधी आवाज, मग चहा, मग जीन्स, मग गोळी.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्याचं वाक्य परत सांग, तुझ्या भाषेत, त्यानं म्हटलं तसं. मी म्हटलं. त्यांनी स्वतःच्या कॉफीचा घोट घेतला, मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

"हे त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझ्याकडे आलेल्या कागदात का नाही?"



मग त्यांनी कागदावर एक कमान काढली. रिव्हॉल्व्हरची गोळी सुटते तेव्हा आवाजापेक्षा वेगात असते, पण ती असते बोजड आणि बोथट. हवा तिला लगेच अडवते. थोड्याच अंतरात ती आवाजाहून मंद होते, आणि त्या क्षणी भोवरा लटपटावा तशी लटपटूही शकते. आवाज मात्र थकत नाही. तो मागून येतो, तिला गाठतो, पुढे निघून जातो. नळी उंच धरून मारली तर ती मैलभर किंवा त्याहूनही पुढे जाते. शेवटी चढलेली असते त्यापेक्षा उभ्या वाटेनं उतरते, आणि तिच्या कितीतरी आधी तिचा आवाज तिथे पोचलेला असतो. एका घोटाचा आणि एका वाक्याचा फरक, म्हणजे साधारण मैल. तो मुलगा थाप मारत नव्हता. त्यानं अंतर सांगितलं होतं.

गोळी खिडकीतून आलीच नव्हती. छपरावरून आली होती.

नकाशावर काकूंच्या दोरीपासून घराच्या दिशेनं रेघ ओढली. रस्ता, ओढा, शेतं, आणि मैलभरापलीकडे खडी काढून सोडून दिलेली खाण. तिथे जमिनीत रोवलेला बाक होता, आणि फार लांब, वस्तीच्या अलीकडच्या उतारावर, पांढरी रंगवलेली लोखंडी पाटी. या देशात रिव्हॉल्व्हर मंजूर रेंजबाहेर चालवायला बंदी आहे. तीन प्रतिष्ठित गृहस्थ दर रविवारी तिथे मैलभरावरून ती पाटी वाजवायचा खेळ खेळत. त्यांतला मुख्य खेळाडू निवृत्त प्रशिक्षक होता. मी भरती झालो तेव्हा पिस्तूल कसं धरायचं ते मला त्यानंच शिकवलं होतं.

त्याच्याशी बोलणं मात्र अगदी अदबीनं झालं. वकील आधी आला, कॉफी आली, सार्जंटनं हवापाण्याच्या गप्पा केल्या. बेड्या नाहीत. मग तो खुर्चीत रेलून म्हणाला, "तू तर जाणतोस. पिस्तुलाची गोळी तिथवर जात नाही."

माझंच वाक्य माझ्या समोर बसून बोलत होतं.

"मग मैलभरावरच्या पाटीवर तू नेम कसला धरत होतास?" मी विचारलं.

त्याच्या वकिलानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा फोन आमच्याकडे होता. त्यात नेम काढायचं ॲप होतं. वारा, उंची, तापमान टाकायचं, नळी किती वर उचलायची ते कळतं. त्या रविवारी त्यानं तापमान बदललंच नव्हतं, आधीच्या थंड रविवारचंच ठेवलं होतं. गरम हवा विरळ असते, गोळीला कमी अडवते. इतक्या लांबवर तेवढ्यानं फरक पडतो. त्यात मनगट केसभर वर गेलं, आणि पाटी चुकवून गोळी वस्तीत उतरली. त्याच फोनवर त्या दिवशीच्या खेळाचा व्हिडिओही होता. त्यात तिघं पाटीचा टणत्कार ऐकायला कान लावून उभे आहेत. आवाज येत नाही. एक जण म्हणतो, वरून गेली वाटतं, आणि तिघंही हसतात. पलीकडे माणसं राहायला आलीत हे तिघांना ठाऊक होतं. घरांची छपरं त्या व्हिडिओत दिसतात.

गोळीवरच्या खुणा त्याच्या रिव्हॉल्व्हरशी जुळल्या. शिक्षा झाली, मला ती कमी वाटते. पण माझ्या वाट्याला काय आलं? खात्याकडून एक समज, आणि मुदतीआधी निवृत्ती, तीही केक कापून.

मुलावरचा आरोप मागे घेतला त्या दिवशी त्याला न्यायला मीच गेलो. आपली माणसं चुकली तर माफी आपल्या भाषेत मागावी, असं मनात होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचं सामान होतं, वर तीच जीन्स. गाडीत मी मराठीत बोलत राहिलो. चुकलं माझं, म्हणालो. कॉलेजला मी पत्र देतो, म्हणालो. भूक लागली का, विचारलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

काकूंच्या घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच त्यानं उतरवायला सांगितलं. दार उघडलं, पिशवी घेतली.

"थँक यू, ऑफिसर," तो म्हणाला. "आय विल वॉक फ्रॉम हिअर."

माझ्याशी त्यानं त्यानंतर मराठीत एक शब्द काढलेला नाही. आता तो दूर सरे शहरात असतो, असं ऐकतो. बाकीच्यांशी छान मराठी बोलतो म्हणे. तपासात भाषा हे हत्यार आहे, असं आम्हाला शिकवलं होतं. ते मी मैलभरावरून चालवलं नाही. समोरासमोर बसून, दादा म्हणवून घेऊन चालवलं, आणि मला नेम पक्का माहीत होता.