वीतभराच्या आतले मागूर

आठ दिवस झाले, पुष्पांजलीच्या फोनात मॅडम आल्या नव्हत्या.

खरं तर अल्काला बरं वाटायला हवं होतं. पोरगी ओडिशात माशांवर संशोधन करायला गेली त्याला तीन वर्षं होत आली, आणि ‘मॅडम म्हणतात’ हे दोन शब्द नसलेला एक फोन तोवर झाला नव्हता. मॅडम म्हणतात, सकाळी भिजवलेले हरभरे खात जा. मॅडम म्हणतात, चष्म्याचा नंबर तपासून घे. हरभऱ्याचं अल्का दहावीपासून सांगत होती, तेव्हा ‘पोट फुगते’ म्हणून वाटी तशीच पडून राहायची. आता मॅडम फोनातून गेल्या, तर अल्काच्या जिवाला घोर लागला. शाळेत परीक्षानळ्या धुताना, घरी तांदूळ निवडताना तेच डोक्यात. पोरगी बोलते, हसते, पण मॅडम कुठं गेल्या?

अल्का नवेगाव बांधच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर आहे. गोंदियाला राहून बीएस्सी झाली, पुढं शिकायचं राहून गेलं. नवरा पुनाराम धीवर, बांधावर, म्हणजे गावच्या तलावावर, जाळं टाकणारा. पुष्पांजली ही त्यांची एकुलती एक. सहा वर्षांची असताना ती बाजाराच्या दिवशी आत्याशेजारी बसायची आणि टोपल्यातले मागूर मासे उलटे करकरून नर इकडे, मादी तिकडे अशी वाटणी करायची. आत्या म्हणायची, “अवो, कापल्यावर सारे सारखेच लागतेत. कायले वाटून राहिली?” पोरगी ऐकायची नाही. अकरा वर्षांची झाली तेव्हा शाळा सुटल्यावर अल्कानं तिला सूक्ष्मदर्शकाखाली माशाचं एक खवलं दाखवलं. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला तरी ही डोळा काढेना. “आई, यात रेघा आहेत. झाड कापल्यावर दिसतात ना, तशा.”

त्या काचेला तिचा डोळा अल्कानं लावून दिला होता. मॅडमनं नव्हे.

या मिनती मॅडम पुष्पांजलीच्या मार्गदर्शक. त्यांना लेकरूबाळ नाही. पहिल्याच वर्षी पुष्पांजलीला ताप आला, तर वसतिगृहातून उचलून त्यांनी तिला नऊ दिवस आपल्या घरी ठेवलं. अल्काला कळलं ते ताप उतरल्यावर. “तू घाबरली असतीस,” पोरगी म्हणाली, आणि पुढं म्हणाली, “माशाचा पातळ रस्सा करून द्यायच्या, अगदी तुझ्यासारखा.” अल्कानं त्या दिवशी रस्सा केला तो नुसता तिखट. पुनारामनं दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. “आज मिरचीसंग भांडण झालं का तुयं?”

पुष्पांजलीचं काम काय, हे गावात अल्कालाच नीट कळत होतं, आणि याचा तिला अभिमान होता. आपला देशी मागूर कमी होत चालला आहे, बाहेरून आलेल्या मागराशी त्याची सरमिसळ झाली आहे. म्हणून देशी नराच्या वृषणातून मूळ पेशी वेगळ्या काढायच्या, ज्यांच्यापासून पुढं शुक्रपेशी तयार होतात. वृषणाचे बारीक तुकडे करायचे, पाचक द्रावणात ते सुटे करायचे, गाळायचे, यंत्रात गरगर फिरवून पेशींचे थर लावायचे आणि नेमका हवा तो थर उचलायचा. तो बशीत ओतून रात्रभर ठेवला की काही पेशी तळाला घट्ट चिकटतात. हव्या असलेल्या मूळ पेशी वर सैल राहतात.

“आणि चिकटणाऱ्या फेकून देता?” अल्कानं एकदा विचारलं होतं.

“नाही गं. त्यांचाच थर खाली अंथरावा लागतो. त्यांच्याशिवाय वरच्या जगत नाहीत.”

मग या पेशींना लाल चमकणारा रंग लावायचा आणि दुसऱ्या, वांझ केलेल्या माशाच्या अंगात सोडायच्या. काही आठवड्यांनी रंग कुठं दिसतो ते पाहायचं. पेशी मूळचीच राहिली, की शुक्रपेशी व्हायच्या वाटेला लागली, की मरून गेली. “ती एकटी काही ठरवत नाही, आई. शेजारच्या पेशी काय पाझरवतात, त्यावर तिचं पुढचं ठरतं.”

“म्हणजे शेजार कोणाचा आहे, त्यावर,” अल्का म्हणाली होती.

पलीकडून पोरगी हसली होती. तिला वाटलं, आई विज्ञानाचं बोलते आहे.

ज्येष्ठात पुष्पांजलीचा फोन आला. बांधातले जुन्या वाणाचे मागूर हवे होते. बाबांनी धरून द्यावे, मॅडमची परवानगी आहे, गाडीभाडं संस्था देईल. पुनाराम पाण्यावर होता, म्हणून अल्कानं कॅलेंडरवरच लिहून घेतलं. नर. वीतभराच्या आतले. पिकलेले नकोत. वीस-पंचवीस. पुष्पांजलीनं कारणही सांगितलं. वयात आलेल्या नरात तयार शुक्रपेशींचा भरणा होतो आणि मूळ पेशी त्या गर्दीत फार थोड्या सापडतात. कोवळ्या नरात त्याच जास्त. जाता जाता ती म्हणाली, “सप्टेंबरच्या अहवालात हे दाखवलं तर मॅडम म्हणतात, आणखी पाच वर्षं काम मिळेल. नाही तर मला परत यावं लागेल.”

परत यावं लागेल. हे शब्द अल्काच्या कानात बसले. तिच्याच शाळेत जीवशास्त्राच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. मुख्याध्यापक दोनदा विचारून गेले होते.

तीन दिवसांनी पुनारामनं अंगणात पत्र्याचे दोन डबे मांडले. मागूर थोड्या पाण्यात, ओल्या पोत्याखाली दिवसचे दिवस जगतो, तो हवेतला श्वास घेतो. डब्यात एकेक नर अर्ध्या किलोचा होता, काळाभोर, तुकतुकीत. पुनारामनं एक उलटा करून खालचं टोक दाखवलं. “पाय, कसा टोकदार. पक्का नर. दोन दिवस चिखल तुडवला याच्यासाठी.”

“मोठे आहेत,” अल्का म्हणाली.

“मंग? पोरीच्या मॅडमपुढं बारके नेऊ का? बांधाचं नाव आहे.”

सांगायची वेळ तीच होती. कॅलेंडर भिंतीवर होतं, हातभर अंतरावर. अल्कानं पोतं ओलं करून दिलं आणि वाटेसाठी भाकरी बांधली. मनाशी म्हणाली, हा माणूस माझं कुठं ऐकतो.

चौथ्या दिवशी पुनाराम परतला तो मॅडमचं कौतुक करत. मॅडमनं स्वतः चहा दिला. मासे पाहून हात जोडले. हिंदीत म्हणाल्या, आपकी बेटी हमारी बेटी है. आपला नंबर दिला, तो पुनारामनं मोबाइलमध्ये घालून घेतला.

“आणि तुम्ही काय म्हणाले?”

“मी कायले बोलतो? मान हालवली.”

“मान हलवली,” अल्का म्हणाली, आणि दिवसभर भांड्यांचा आवाज होत राहिला.

त्याला आता दोन महिने झाले होते. रविवारी पुष्पांजलीचा फोन आला, तेव्हा पुनारामनं तो मोठ्या आवाजावर टाकून मधोमध ठेवला. अल्कानं सरळ विचारलं, “मॅडम बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. बोलत नाहीत फार. बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण ते मासे चालले नाहीत. सगळे पिकलेले निघाले. तीनदा केलं, थरात नुसत्या शुक्रपेशी. हाती पेशी आल्या त्या मोजक्या, त्याही आठवड्यात मेल्या.”

पुनाराम फोनावर वाकला. “मंग तू सांगतली काऊन नाई, बाई?”

“मॅडमनीही तेच विचारलं. मी म्हटलं, माझीच चूक. घरी नीट सांगितलं नाही.”

अल्काला कळलं. पोरीला आठवत होतं. आईनं लिहून घेतलं होतं, परत वाचून दाखवलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि तरी तिनं ते मॅडमपुढं आणलं नव्हतं.

“येते मी दिवाळीपर्यंत,” पुष्पांजली म्हणाली. “ती जागा अजून आहे ना शाळेत?”

हेच वाक्य ऐकायला अल्का तीन वर्षं झुरली होती. ते असं, दमलेल्या आवाजात येईल हे तिच्या मनातही नव्हतं.

फोन बंद झाला. आपण नेमके कोणत्या तारखेला गेलो होतो ते पाहायला पुनाराम उठला आणि कॅलेंडरची पानं मागं उलटू लागला. ज्येष्ठाच्या पानावर थांबला. अक्षर बायकोचं होतं, पाचवी शिकलेल्याला वाचता येईल इतकं स्वच्छ.

त्यानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“तुले मालूम होतं.”

“तुम्ही ऐकलं नसतं.”

“आयकलो असतो,” तो म्हणाला. “पोरीनं मागतले म्हणून आयकलो असतो. तू त्या बाईवर जळून राहिली, अन् हात भाजला पोरीचा.”

रागानं बोलला असता तर अल्का भांडली असती. तो साध्या आवाजात बोलला, आणि खुंटीवरचं बारीक भोकांचं जाळं काढून खांद्यावर टाकलं.

“कुठं निघाले?”

“बारके पाहाले. मागल्या सालचे उशिराचे काही असतील कोपऱ्याच्या गाळात. तू इचार, आता चालतेत का नाई.”

“पुष्पाला?”

“पोरीले कायले? ते पुन्हा म्हणन, माझीच चूक.” त्यानं मोबाइल ओट्यावर ठेवला. “जिले सांगाचं आहे तिले सांग.”

तो गेल्यावर अल्कानं मोबाइल उघडला. नाव सापडायला वेळ लागला नाही, ‘पुस्पाची म्याडम’. तिनं कॅलेंडरचं ते पान काढून समोर ठेवलं. बोलताना पाय मागं घ्यावासा वाटला तर अक्षर समोर असावं. मग हिंदी वाक्य मनात जुळवलं. मॅडम, गलती पुष्पा की नहीं, उसने ठीक बताया था, मैंने छुपाया. शेवटचा शब्द दर वेळी राहून जात होता. त्या बाईपुढं लहान व्हायचं, आणि तिनं मोठेपणानं माफ करायचं, हे सगळ्यात कठीण होतं. माफ केलंच तर पोरगी आणखी पाच वर्षं तिच्याकडं. पाच वर्षं हरभरे, चष्मा, पातळ रस्सा.

असू दे. पण हेही सांगायचं, तिनं ठरवलं, की पुष्पांजलीचे पाय ओले राहिले की तिला लगेच ताप येतो, लहानपणापासून. हौदाजवळ काम करताना बूट द्या. हे काही त्या बाईला माहीत नसणार.

तिनं पदरानं मोबाइलची काच पुसली आणि हिरव्या खुणेवर बोट नेलं.