साहेबाच्या कुत्र्याची भाकरी

नातवाने कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचं महागडं पाकीट फोडलं, आणि त्या खरपूस वासाने मला बुऱ्हाणपूरच्या आमच्या अंगणात नेलं. जवळचं एक संस्थान विलीन झाल्यावर तिथला एक अधिकारी आमच्या शेजारी राहायला आला होता. आईने त्याला ज्वारीची भाकरी धाडली, तर म्हणाला, "हे तर आमचा कुत्रा पण नाही खाणार." कुत्र्याला मुंबईची बिस्किटंच लागायची. मी पेटले. उन्हात कडक वाळवलेले भाकरीचे तुकडे तुपाचं बोट लावून रोज कुंपणातून त्याला चारले. महिन्याभरात त्याने बिस्किटं सोडली आणि आमच्या कुंपणाशीच ठाण मांडलं. शेवटी साहेब ताटली घेऊन दारात आला. "वहिनी, ती भाकरी..." आई म्हणाली, "देते ना भाऊ. पण पहिले तुम्ही खाऊन दाखवा." त्याने ती वाळलेली भाकरी उभ्याउभ्या खाल्ली. आज नातवाच्या कुत्र्याने वाटी हुंगून तोंड फिरवलं, आणि साहेबाच्या दाढेखालची ती कडकड मला पुन्हा ऐकू आली. जीव गार झाला.