पंचाचे रविवार

त्याला आम्ही सगळे पंच म्हणायचो. पुढे पुढे त्याची बायकोही माझ्याकडे फोन करून "पंच निघाले का?" असंच विचारायला लागली. खरं तर तो कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या खोलीत त्याचं काम चाले. प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, घासायचं छोटं यंत्र आणि खिडकीत ओळीने मांडलेले जबडे. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घ्यायचे, मागे पंच दात बसवायचा, आणि आठवड्याने म्हातारं माणूस परत यायचं. टोचतंय म्हणायचं. डॉक्टर म्हणायचे, माप बरोबर होतं. म्हातारं म्हणायचं, तोंड माझं आहे, मला कळतं. पंच दोघांपैकी कोणालाच खोटं पाडायचा नाही. कवळी हातात घ्यायचा, हिरडी कुठे लाल झालीय ते बघायचा आणि केसभर घासून द्यायचा. असं तीस वर्षं चाललं होतं.

रविवारी दुपारी तो माझ्याकडे यायचा. मी पुस्तकं बांधतो. माझ्या कारखान्यात कागद कापायचं मोठं टेबल आहे, सुट्टीच्या दिवशी ते रिकामं असतं. त्या टेबलावर आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. समोर काय दिसतंय ते पंचाने सांगायचं, त्यावर आपण काय करतो ते आपण सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. आणि लढाई जुंपली की टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई मांडायचे, फीत लावून अंतर मोजायचं आणि लढायचं. शिपाई पंच स्वतः बनवायचा, कवळीच्या उरलेल्या मालातून. रंग देईपर्यंत त्याचं सगळं सैन्य हिरड्यांसारखं गुलाबी असायचं.

एकच गोष्ट आम्ही सहा वर्षं खेळत होतो. मधे नदी, एका काठाला किल्ला, दुसऱ्या काठाला नावाड्यांचं गाव. गाव आमचं, किल्ला शत्रूचा, आणि शत्रू पंच चालवायचा. खेळणारे आम्ही चौघं. पण चौघं चार दिशांना तोंड करून बसलेले.

मोजणीसाहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना लढाई हवी असायची, आणि ती नियमाने हवी असायची. नियमांचं पुस्तक त्यांनी मला दोनदा बांधायला दिलं होतं, इतकी पानं सुटली होती. शाळेतल्या बाई चौथीला शिकवायच्या. त्यांची नावाडीण होती, विधवा, थोडी घोगऱ्या आवाजाची. बाईंनी तो आवाज लावला की आम्ही हातातलं काम थांबवून ऐकायचो. लढाई सुरू झाली की मात्र त्या पिशवीतून वह्या काढून तपासायला बसत. तिसरा पंचाचा साडू. तो हसायला यायचा. त्याचं पात्र सहा वर्षांत एकही लढाई लढलं नाही, फक्त कोंबड्या चोरल्या. मी लोहार होतो आणि बहुतेक वेळा समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायचो.

या सगळ्यांचं पंच जमवून न्यायचा. थोडं बोलणं, थोडी लढाई, आणि मधेच साडूसाठी एखादी कोंबडी. साहेबांनी घड्याळ पाहिलं की किल्ल्यावर शिंग वाजायचं. बाईंनी पिशवीकडे हात नेला की कोणीतरी पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला यायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती सहज चाललंय. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर तो माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर पाय लांब करून डोळे मिटायचा. एकदा म्हणाला, "आठवडाभर घासतो ते बरं वाटतं रे. तिथे निदान कुठे लागतंय ते दिसतं."

शेवटी शेवटी निवाडाही द्यायचा आणि शत्रूही चालवायचा, याचा त्याला कंटाळा आला. त्याने किल्ल्याची फौज साहेबांच्या ताब्यात दिली. तुम्हीच शत्रू व्हा, म्हणाला. साहेब खूश झाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण मी लोहार, हो म्हणालो.

तो रविवार मला नीट आठवतो. पंच आला तोच डोळे चोळत. आदल्या दिवशी एकाच आजींची कवळी तिसऱ्यांदा नव्याने करावी लागली होती. टेबलावर नदी मांडली होती, निळ्या बाइंडिंगच्या कापडाची. किल्ल्याचे तिरंदाज काठावर उभे होते. बाईंनी आपली नाव पाण्यात पुढे सरकवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "किल्लेदाराला सांगा, मी एकटी आलेय. हातात वल्ह्याशिवाय काही नाही. मला बोलायचंय."

साहेबांनी फीत काढली. काठापासून नावेपर्यंत लावली, डोळा बारीक करून वाचली.

"तिरंदाज बाण सोडतात," ते म्हणाले.

बाईंना आधी कळलंच नाही. "अहो, ती बोलायला आलीय."

"बोलायला आली असेल. पण पल्ल्यात आलीय."

"एकट्या बाईवर कोणी बाण सोडतं का?"

"मागच्या वेळी तुमचे लोक बोलणी करतो म्हणून आले आणि आमचं कोठार जाळून गेले. मी किल्लेदार आहे. मी काय करू?"

यात साहेबांचंही काही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. कोठार जळालं होतं खरं. मीच मशाल बनवून दिली होती. साडूने काहीतरी विनोद केला, तो कोणी ऐकला नाही. सगळे पंचाकडे बघायला लागले.

पंचाने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. तो नावेकडे बघत होता, पण मला वाटतं त्याला नाव दिसत नव्हती. मग त्याने फासे उचलले आणि साहेबांच्या हातात दिले. "टाका," म्हणाला.

दान पडलं. सहा वर्षं चाललेली नावाडीण गेली. बाईंनी टिपणांची वही बंद केली, पेनाला टोपण लावलं आणि नाव उचलून पंचाच्या पुढ्यात ठेवली. "येते मी," म्हणाल्या. इतक्या साध्या आवाजात, की त्या परत येणार नाहीत हे मला त्यावरूनच कळलं.

पुढच्या दोन रविवारी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पंच शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभा राहिला. हे त्याने मला नंतर सांगितलं. बाई चालत होत्या, तो बाजूने चालत होता.

"नियमाप्रमाणे ती पल्ल्यात होती," तो म्हणाला.

"मेली त्याचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला असतात, मेली, तर मी रडून नवीन पात्र घेतलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, बाण सोडता येणार नाही, तर साहेब चिडून गप्प बसले असते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. फासे पुढे केलेत."

पंचाने सुचवलं, आपण वेगळं खेळू. शनिवारी साहेबांचा खेळ, रविवारी तुमचा. बाई हो म्हणाल्या. त्याच्याकडे बघून त्यांनाच दया आली असावी.

तो मधला काळ सगळ्यात वाईट गेला. शनिवारी दवाखाना अर्ध्या दिवसाचा. तिथून पंच थेट माझ्याकडे यायचा. साहेब आणि त्यांचे एक जुने सहकारी समोरासमोर फौजा लावायचे, आणि कोण कुठे वळू शकतं, कोणाची दमछाक किती झाली, यावर पानंच्या पानं हिशेब चालायचा. साहेब खरोखर सुखात होते. रविवारी बाई त्यांच्या दोन मैत्रिणींना घेऊन यायच्या. तिथे फासे पिशवीतून निघायचेच नाहीत. राणी बोलायची, दासी बोलायची, रुसवेफुगवे व्हायचे, समजूत निघायची. महिन्याभराने मैत्रिणी गळाल्या. बाई मला म्हणाल्या, "सगळं आपल्या मनासारखं होतं हो. मग पुढे बोलायचं काय?"

साडू दोन्हीकडे आला नाही. त्याला कोंबड्या चोरायला गर्दी लागायची.

पंचाचे मात्र दोन्ही दिवस गेले. घरी नळ गळत होता, तो तसाच. एका सोमवारी सकाळी तो बूट हातात घेऊन खाटेवर बसून राहिला. बायको म्हणाली, "लोकांना एक सुट्टी असते, ती तुम्ही नोकरीत घातलीत. खेळायला जाता म्हणता, पण तुम्ही खेळता कधी?"

"मीच तर चालवतो."

"चालवता. तुम्हाला काय खेळायला आवडतं, ते विचारतेय मी."

त्याने बूट खाली ठेवले. आधीच्या गोष्टी धरल्या तर अकरा वर्षं तो खेळ चालवत होता, आणि एकदाही त्याने स्वतःसाठी पात्र घेतलं नव्हतं. त्याच दिवशी त्याने आम्हाला कळवलं, मी थांबतो. कारण काही दिलं नाही. शिपायांची खोकी माझ्याकडेच राहिली.

चारेक महिने टेबल रिकामं राहिलं. मग साहेबांचे उरलेसुरले दात काढायची वेळ आली आणि मापाला ते दवाखान्यात आले. कवळी बसवायच्या दिवशी पंचाने त्यांना मागच्या खोलीत बसवलं. दात नसलेल्या साहेबांचा चेहरा आत गेला होता, शब्द हवेसारखे निसटत होते. तरी आपणहून बोलायला लागले. फितीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं, पंच मला नंतर म्हणाला.

"छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या मी," साहेब म्हणाले. "दोन भाऊ उभे असायचे, मधे मी. आकडा सांगितला की दोघंही म्हणायचे, साहेब विकले गेले. एकाने तरी कधी म्हणावं, हो, बरोबर आहे, इथेच हद्द आहे. नाही. तुमच्या टेबलावर मी आकडा सांगायचो आणि तुम्ही मान डोलवायचात. मला तेवढंच हवं असायचं." मग जरा थांबून म्हणाले, "नावेला फीत लावली तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही मला थांबवाल. थांबवलं असतंत तर थांबलो असतो."

पंचाने कवळी त्यांच्या तोंडात बसवली, चावून बघा म्हणाला. कुठेही लागत नव्हती.

संध्याकाळी तो परत शाळेच्या फाटकापाशी गेला. साहेब काय म्हणाले ते त्याने बाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही परत चालवणार?"

"नाही. मी दमलोय बाई. तुम्ही चालवा."

"मी? मला नियम पाठ नाहीत."

"नियम साहेबांना पाठ आहेत. नाही म्हणायला माणूस लागतं. ते मला जमत नाही."

बाई हसल्या. वर्गात दिवसभर पुस्तकात लिहिलेलंच बोलावं लागतं, म्हणाल्या, रविवारी तरी मला माहीत नसलेलं ऐकायचं होतं. चालवायचं म्हणजे परत तेच शिकवणं. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि एक अट घातली. त्या आधी निर्णय देणार, फासे त्यानंतर, आणि तेही त्या म्हणतील तेव्हाच. साहेबांनी अट लिहून घेतली आणि खाली सही केली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच रविवारी साहेब आणि बाईंची एका टेकडीच्या उतारावरून जुंपली. साहेब पुस्तक उघडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "नाही." साहेबांनी दोनदा सांगून पाहिलं, बाई दोनदा नाही म्हणाल्या, आणि साहेब खाली बसले. तोंडाने पुटपुटत होते, पण बसले. मी पंचाकडे पाहिलं. आपलं ओझं दुसरं कोणी उचलून नेताना बघत उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो दिसत होता. साडू काही परत आला नाही. त्याने कुठेतरी पत्त्यांचा अड्डा धरला होता.

पंचाने पहारेकऱ्याचं पात्र घेतलं होतं. पुलाच्या एका टोकाला उभं राहायचं, एवढंच काम. याहून मोठं काही झेपायचं नाही म्हणाला.

"पहारेकरी," बाईंनी त्याला विचारलं, "सकाळ झालीय, धुकं आहे. पलीकडून कोणीतरी येतंय. तू काय करतोस?"

पंचाने आपला शिपाई पुलाच्या टोकावर नीट उभा केला. आम्ही थांबलो. त्याला घाई करायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

"मी जरा बसतो," तो म्हणाला.

"पहाऱ्यावर बसता येत नाही," साहेब म्हणाले. "पुस्तकात आहे."

"बसू दे त्याला," बाई म्हणाल्या, आणि धुकं आणखी थोडा वेळ राहू दिलं.

पुढे त्या दुपारी पूल हातचा गेला. साहेबांनी तीन हरकती घेतल्या, बाईंनी त्यातल्या दोन फेटाळल्या. पंच शेवटपर्यंत कोणाच्याच मधे पडला नाही.