पालखीचा पुढचा खांदा

पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीतला पहिला बी.ए. मी. त्या शिमग्याला देवीच्या पालखीचा पुढचा खांदा मलाच मिळणार, असं धरून चाललो होतो. पुढे वडिलांची पिढी, मागे आमची, हा रिवाज. पण पिढी शिक्षणानं ठरते, असं मी भावकीला ऐकवलं.

आजोबा म्हणाले, "शिकलास रे, पण म्हणून चुलत्याचा चुलता झालास काय?"

पुढचा खांदा गेला एका चुलत्याकडे, त्याच्यामागचा माझ्याकडे. हा चुलता माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि चांगलाच बुटका. पुढे लागताच तो ओरडला, "पुतण्या, वाक जरा! सगळा भार माझ्यावर येतोय."

गावभर मी गुडघे वाकवून चाललो.

"दमलास काय रे?"

"नाय, काका."

तोवर मी त्याला नावानंच हाक मारायचो.